धाकटीची चतकोर

माझा धंदा मापाचा. वजनमापे निरीक्षक म्हणून सोलापुरातली दुकानं मी वीस वर्षं पालथी घातली. हल्लीचे काटे स्वतःच स्वतःची तपासणी करतात आणि मला फक्त सही मारायला बोलावतात, पण डोळ्याची खोड जात नाही. किलोभर डाळीत खोट असेल तर पिशवी बघूनच मला कळतं. माझी बायको मृणाल मला 'तराजू' म्हणते. घरात आम्ही दोघं, अकरा वर्षांची अन्विता आणि सात वर्षांची शाल्मली. ही गोष्ट आमच्या ताटांची आहे.

मृणाल चादरीच्या कारखान्यासाठी नक्षी काढते. दिवसभर पडद्यासमोर बैठक, दुपारी बाहेरून मागवलेलं जेवण, रात्री काम रेंगाळलं की बिस्किटांचा पुडा. चाळिशीच्या आतच तिची साखर अशी वाढली की एकही औषध तिला आवरेना. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं दमायला लागली आहेत, असंच चाललं तर डायलिसिस फार लांब नाही. दवाखान्यातून घरी येताना मृणाल अहवालाची घडी घालत आणि पुन्हा उलगडत होती. मी फार घाबरलो होतो. गाडी आपली आपण चालत होती आणि मी उगाच रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसलो होतो.

पूर्वान्न केंद्राचं नाव त्यानंतर कळलं. होटगी रस्त्यावरची नवी इमारत, आणि तिथले प्रमुख डॉ. नाडगौडा. बारीक अंगाचे, शाळामास्तरासारखे सावकाश बोलणारे गृहस्थ.

"तुमचं पोट तुमचं एकटीचं नाही," ते मृणालला म्हणाले. "त्यात जिवाणूंची अख्खी वस्ती आहे, आणि ती तुम्हाला आईकडून मिळाली. जन्मताना मिळाली, दुधातून मिळाली. पूर्वी आया घास चावून बाळाच्या तोंडात घालायच्या, त्यातूनही मिळायची. तुमच्या आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. ही वस्ती शेकडो वर्षं ज्वारी, हुलगे, रानभाज्या यांवर पोसली. मग मैदा आणि साखर आली. जुने जिवाणू उपाशी पडले, पण मेले नाहीत. कवच पांघरून आतड्याच्या घड्यांमध्ये झोपून राहिले. आम्ही त्यांना जागं करतो."

दुसरी गोष्ट त्यांनी अशी सांगितली की माणूस काय खातो, किती आणि कधी खातो, याच्या बारीक रासायनिक खुणा जनुकांवर उमटतात. मोठी उपासमार झाली तर खूण खोल उमटते आणि पुढच्या पिढ्यांत उतरते. या खुणा वाचून केंद्राचं यंत्र त्या बाईच्या आजी-पणज्यांच्या जेवणाचा नेम नव्यानं मांडतं. जिवाणू जागे करायचे आणि त्यांना त्यांचं जेवण त्यांच्या वेळेला द्यायचं, एवढंच औषध.

"म्हणजे पणजीचं पोट परत बसवायचं?" मी विचारलं.

"पणजीच्याही पणजीचं," नाडगौडा हसून म्हणाले. "तिला साखरेचा आजार नव्हता."

गोळ्या फक्त मृणालला होत्या, पण स्वयंपाक एकच. आमच्या घरातून पाव, नूडल्स, बिस्किटं हद्दपार झाली. सकाळी हुलग्याचं माडगं, मग एकदम दिवस मावळायच्या आत जेवण: ज्वारीची भाकरी, अंबाडी नाहीतर तांदुळजा, ठेचा. भाकरी यंत्रावर चालणार नव्हती, कारण हातानं थापलेल्या पिठात पाण्याचं प्रमाण वेगळं असतं म्हणे. मृणालनं तिच्या आईला, बार्शीच्या आक्कांना, फोनवर समोर बसवून भाकरी शिकून घेतली. पहिल्या आठवड्यात आम्ही निरनिराळ्या देशांचे नकाशे खाल्ले. मी कुरकुर करायचो आणि ती म्हणायची, "खा रे, तुझ्याही पणज्यांनी हेच खाल्लंय, त्या काही बटर पाव खाऊन मेल्या नाहीत."

आणि साखर उतरली. महिन्याभरात औषधं निम्म्यावर आली. मूत्रपिंडांचा अहवाल बघून तिच्या जुन्या डॉक्टरांनी तो पुन्हा काढायला लावला. दुसराही तसाच आला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. त्या संध्याकाळी मृणाल स्वयंपाक करताना गुणगुणत होती. ते मी कितीतरी दिवसांनी ऐकलं.

यानंतर घरात काहीतरी बदलायला लागलं.

आधी पिठाचा डबा. भाकऱ्या झाल्या की ती डबा उघडायची, आत बघायची, झाकण लावायची आणि लगेच पुन्हा उघडायची. तिच्या ऑफिसच्या पिशवीत मूठभर ज्वारी सापडली, मग उशीच्या अभ्र्यातही. विचारलं तर ती माझ्याइतकीच चकित. एकदा आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी वाकून ती गवताचं बी ओरबाडून ओच्यात घेत होती. तळमजल्यावरचे म्हातारे मुजावर काका बघत उभे होते. मला म्हणाले, "हे बरबडं आहे. बहात्तरच्या दुष्काळात माझी दादी हे दळून खायची. तुमच्या मिसेसना कुणी दाखवलं?" कुणीच दाखवलं नव्हतं. मृणाल म्हणाली, "वासच असा आला, की तोंडाला पाणी सुटलं."

दिवस मावळायला ती दारात जाऊन उभी राहायची आणि जिन्याकडे बघायची. कुणाची वाट बघतेस म्हटलं तर म्हणायची, "कुणाची नाही. मागे कुणीतरी राहिलंय असं वाटतं." मी विषय बदलायचो.

मग शाल्मलीच्या शाळेतून बाईंचा फोन आला. शालू मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलींच्या डब्यातलं खाते. मागून नाही, त्यांचं झाल्यावर उरलेलं. "घरी सगळं ठीक आहे ना?" बाईंनी जपून विचारलं.

त्या संध्याकाळी मी ताटांकडे बघितलं. एकदा बघितल्यावर मला दुसरं काही दिसेना. अन्विताच्या ताटात दीड भाकरी, वर तेल, गुळाचा खडा. शालूच्या ताटात अर्धी, कडेची, करपलेली. मृणाल अन्वितासमोर बसून "अजून घे, अजून घे" करत होती. आपल्या ताटातला घास मोडून तिला भरवत होती. शालू मान खाली घालून, बोटानं ठेच्याचे कण टिपून खात होती. तिनं मागितलं नाही. मागणं तिनं सोडून दिलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"शालू, भाकरी हवी?"

"मला भूक नसते, बाबा," ती म्हणाली आणि आईकडे बघितलं.

मुली झोपायच्या खोलीत गेल्यावर मी अन्विताचं दप्तर उघडलं. तळाशी रुमालात भाकरीचे वाळलेले तुकडे आणि गूळ. शालूचं दप्तर उघडलं. त्यात वह्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी खात्याचा तपासणीचा काटा घरी घेऊन आलो आणि ओट्यावर ठेवला. मृणालनं नेहमीसारखी ताटं वाढली. मी ती उचलून एकेक करून काट्यावर ठेवली.

"हे काय चाललंय?" ती भडकली. "माझ्या हातचं मोजतोस? आईच्या हातचं मोजतं का कुणी?"

"आकडे बघ."

"लहान पोर आहे ती, लहान पोर कमीच खाणार."

"मृणाल, आकडे बघ."

तिनं बघितलं. शालूचं ताट अन्विताच्या ताटाच्या निम्म्याचंही नव्हतं. मृणाल कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग तिनं दुरडीतून एक भाकरी उचलली आणि शालूच्या ताटावर नेली. तिथे तिचा हात थांबला. बोटं पांढरी पडली, पण भाकरी सुटेना. दुसऱ्या हातानं तिनं आपलंच मनगट धरलं आणि खाली दाबलं. कपाळावर घाम आला.

"हात जात नाही रे," ती म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. "विशू, ही दिली तर सगळे मरतील असं वाटतंय मला. खरंच वाटतंय. माझीच पोरगी आहे ती आणि माझा हात जात नाही."

भाकरी मी तिच्या हातातून काढून घेतली. अक्षरशः ओढून घ्यावी लागली.

त्या दिवसापासून मी वाढायला लागलो. पण वाढणारा हात बदलून भागण्यासारखं ते नव्हतं. शालू जेवत असली की मृणालची नजर तिच्या ताटावर खिळायची, आणि त्या नजरेखाली पोरीचा घास घशात अडकायचा. मृणालला ते कळायचं. मग ती उठून बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडायची.

आम्ही नाडगौडांकडे गेलो. त्यांनी यंत्रावर बराच वेळ काहीतरी बघितलं. मास्तरकी उतरली होती.

"तुमच्या आईकडच्या घराण्यात खूप खोल खूण आहे," ते म्हणाले. "दीडशे वर्षांहून जुनी. भयंकर उपासमार. जिवाणू जागे झाल्यावर ते मेंदूला जे निरोप पाठवतात त्यांनी ती खूणही जागी केली. अशा वेळी शरीर एकच हिशेब करतं, सगळे जगणार नाहीत. मग जे जगण्याजोगं असेल त्याला घालायचं."

"मी गोळ्या सोडते," मृणाल म्हणाली. "मूत्रपिंडं जायची तर जाऊ देत. पोरीच्या ताटावर माझी अशी नजर मला नको."

"गोळ्या सोडून आता ते जिवाणू जाणार नाहीत. त्यांना मारायची औषधं तुमच्या मूत्रपिंडांना सोसणार नाहीत. पण एक मला कळत नाही. तुमच्या आजी-पणज्या हेच पोट घेऊन, हेच जेवण जेवून म्हाताऱ्या झाल्या. त्यांनी सगळी मुलं वाढवली. दुष्काळ संपला, हे त्यांच्या शरीराला रोज कशानं तरी कळत असलं पाहिजे. आमच्या मांडणीत ते सुटलंय. तुमच्या आई आहेत ना? त्यांना विचारा, काय काय खात होतात."

आक्का बार्शीहून आल्या त्या खांद्याला पिशवी आणि तोंडात तक्रार घेऊनच. विनाचालक बस त्यांना आवडत नाही, भांडायला कंडक्टर नसतो म्हणून. ओट्यावरचा काटा बघून म्हणाल्या, "जावईबापू, हापीस घरी आनलं व्हय?" मी हसलो नाही, तेव्हा त्यांनी मृणालकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

दुपारभर आम्ही त्यांना विचारत होतो. माडगं? असायचं. कण्या? असायच्या. आंबील, हुलगे, अंबाडी, करडईचं तेल? सगळं असायचं. केंद्राच्या यादीत नव्हतं असं काहीच निघालं नाही. मृणालचा चेहरा उतरत गेला.

दिवस मावळायच्या आत जेवणं झाली. मी वाढलं. आक्कांनी हात धुतले आणि सवयीनं दुरडीत डोकावलं.

"मोकळीच? चतकोर कुटाय?"

"कसली चतकोर?" मी म्हटलं.

"दुरडी मोकळी ठिवू नये हो. आमच्यात धाकटीची चतकोर ठिवत्यात."

"आजी, धाकटी म्हणजे कोण?" शालूनं विचारलं.

"हुती एक," आक्का म्हणाल्या. "जा, खेळा जा खाली."

मुली खाली गेल्या. मृणाल म्हणाली, "तू ठेवायचीस ती? सकाळी कुत्र्याला घालायचीस ती?"

"सकाळी कुत्र्याला. रातभर ती तिची." आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "माज्या आईनं मला सांगितलं, म्या तुला सांगायची हुते. तू धा वर्साची आसताना म्हनलीस, आक्का, अन्न वाया घालवतीस, शाळेत बाई म्हनत्यात पाप आसतं. मला बी पटलं. मग फ्रीज आला. ऱ्हाऊन गेलं बघ."

"कुणाची गं ती?"

सांगावं की नाही असं आक्कांचं झालं होतं. मग खाली बघूनच त्या बोलल्या. "मोट्या दुष्काळात आपली मूळ बाई दोन पोरी घिऊन गाव सोडून निगाली. खडी फोडायच्या कामावर. थोरली चालत, धाकटी कडंवर. भाकरी हुती ती एकीला पुरंल एवडी. तिनं थोरलीला घातली. पोचली तवा एकच पोर संगं हुती. आपुन समद्या त्या थोरलीच्या लेकी."

"आणि धाकटी?"

"त्ये इचारायचं न्हाई आसं हुतं. पुढं चांगले दिस आले, तवापासनं ती बाई जेवान झालं की चतकोर भाकरी दुरडीत ठिवायला लागली. म्हनायची, धाकटी मागनं येतीय. तिच्या लेकीनं ठिवली, लेकीच्या लेकीनं ठिवली. म्या सोडली."

मृणाल दाराकडे बघत होती. मागे कुणीतरी राहिलंय, हे ती महिनाभर म्हणत होती.

मी नाडगौडांना फोन लावला. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. "आम्ही खाल्लेलं सगळं मोजलं," शेवटी ते म्हणाले. "मुद्दाम उरवलेलं मोजलंच नाही. पोट भरल्यावरही घरात भाकरी दिसते, वास येतो, आणि ती खायची गरज पडत नाही. रोज, ठरलेल्या वेळी. दुष्काळ संपला हे शरीराला सांगायला याहून मोठी खूण कुठली? ठेवा. आजपासून ठेवा. लगेच गुण येईल असं मी म्हणत नाही."

मृणालनं तवा पुन्हा चढवला. भाकरी केली, मोडली, आणि चतकोर घेऊन दुरडीसमोर बसली. मी शेजारी उभा होतो. मदत करू का म्हटलं तर तिनं मान हलवली. हात दुरडीवर गेला आणि अडकला, शालूच्या ताटावर अडकला होता तसाच. तिला धाप लागली. आक्का नुसत्या तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या. किती वेळ गेला कोण जाणे, दिवे लागले, मुली खालून वर आल्या. शेवटी चतकोर दुरडीत पडली आणि मृणाल आक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. मुली दारातून बघत होत्या.

सकाळी मला तिच्या ओरडण्यानं जाग आली.

स्वयंपाकघरात दुरडी पालथी पडली होती. फडकं होतं, चतकोर नव्हती. मृणाल केस मोकळे सोडून ओट्याशी उभी होती आणि तिनं शालूचं मनगट धरलं होतं. शालू भिंतीला टेकली होती. ओठाला ज्वारीचे कण चिकटलेले.

"कुणी घेतली?" मृणाल विचारत होती. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. खरखरीत, खोलवरून आलेला. "ठेवलेली कुणी घेतली? तू घेतलीस?"

मी पुढे झालो. आक्काही अंथरुणातून उठून धावत आल्या. शालू रडत नव्हती. ती आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आणि तिनं अगदी हळू उत्तर दिलं.

"आजी म्हणाली, धाकटीची आहे. मीच धाकटी आहे ना, आई? मला वाटलं, तू माझ्यासाठी ठेवलीस."

मृणालची बोटं सुटली. मनगटावर त्यांचे लाल वळ उठले होते. ती त्या वळांकडे बघत खाली बसली, बसली कसली, कोसळलीच. मग तिनं शालूला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या ओठावरचा एकेक कण बोटानं टिपून तिच्याच तोंडात घातला.

"तुझीच होती," ती म्हणत होती. "तुझीच होती गं. यायला किती उशीर केलास."

कुणाशी बोलत होती ती, मला सांगता येणार नाही. आक्कांनी तोंडात पदर कोंबला होता. इतक्या वर्षांत ती चतकोर खायला पहिल्यांदाच कुणी आलं होतं.

मग मृणाल उठली, तिनं पीठ मळलं. पहिली भाकरी टम्म फुगली. ती तिनं तव्यावरून काढून सरळ शालूच्या ताटावर नेली. हात थांबतो का ते मी बघत होतो. थांबला. पण क्षणभरच, मग भाकरी ताटात पडली.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. साखर ताब्यात आहे, मूत्रपिंडं तग धरून आहेत. नाडगौडांनी त्यांच्या सगळ्या रुग्णांच्या घरांत काय खाल्लं जात नव्हतं, ते विचारत फिरायला माणसं नेमली आहेत. काटा मी खात्यात परत नेऊन ठेवला. शालूचे गाल भरले आहेत. ताट समोर आलं की अजून ती आधी आईकडे बघते आणि मगच पहिला घास घेते. ती सवय कधी जाईल कोण जाणे.

संध्याकाळची जेवणं झाली की मृणाल दुरडीत दोन चतकोर ठेवते. एक शालूची, ती तिनं सकाळी गुळाबरोबर खायची. दुसरी कुणी खात नाही.

परवा शालूनं आक्कांना फोनवर विचारलं, "आजी, त्या दुसऱ्या धाकटीचं नाव काय होतं?"

आक्का म्हणाल्या, "नाव कुनी घेतलंच न्हाई, बाळा. ठावंच न्हाई."

शालूनं फोन ठेवला आणि दाराशी गेली. दिवस मावळत होता. तिनं दार उघडलं, जिन्याकडे बघितलं आणि नाव माहीत नसल्यामुळे नुसतीच हाक मारली, "ये गं. जेवायला ये."

मृणाल मागे उभी होती. शालूनं दार लावायला हात पुढे केला, तो तिनं धरला. "राहू दे," ती म्हणाली, "थोडा वेळ उघडं राहू दे."